इंग्रजीत हवामानाबद्दल कसं विचारायचं, अगदी पहिल्या वाक्यापासून

इंग्रजी बोलायला नुकतीच सुरुवात केलेल्या प्रत्येकाला मी एकच सांगते, पहिलं संभाषण हवामानावर करून बघा. समोरच्याला उत्तर माहीत असतंच, कोणाला वाईट वाटायचा प्रश्न नसतो, वाक्यं चार-पाच शब्दांची असतात आणि एकदा बोलणं सुरू झालं की पुढचे विषय आपोआप निघतात. पण ह्याच छोट्या वाक्यांत आपली मराठी माणसं ठराविक तीन-चार जागी हमखास अडकतात, आणि ते इंग्रजी कच्चं असतं म्हणून नाही, तर पाऊस, ऊन, थंडी ह्यांच्याबद्दल बोलायची आपली पद्धतच वेगळी आहे म्हणून. त्या जागा एकदा नीट समजल्या ना, की मग पाठांतर खूप कमी लागतं. एकेक करून बघू.

आधी शब्द पक्का करा

मराठीत आपण "हवा कशी आहे?" म्हणतो, "वातावरण कसं आहे?" म्हणतो, "हवामान" म्हणतो, सगळं चालतं. इंग्रजीत ह्या कामाला एकच शब्द, "वेदर". हवा म्हणून "हाऊ इज द एअर?" विचारलंत तर समोरच्याला वाटेल तुम्ही प्रदूषणाबद्दल विचारताय. वातावरण म्हणून "अ‍ॅटमॉस्फिअर" म्हणालात तर घरातलं, ऑफिसातलं, कार्यक्रमातलं वातावरण असा अर्थ जातो. आणि "टुडे क्लायमेट इज व्हेरी गुड" हे तर मी रोज ऐकते, शिकलेल्या लोकांकडूनही. क्लायमेट म्हणजे एखाद्या ठिकाणचं वर्षानुवर्षांचं सरासरी हवामान, जागतिक हवामान संघटना त्यासाठी ३० वर्षांची सरासरी धरते, त्यामुळे "आजचा क्लायमेट" असं काही नसतंच. आज, उद्या, ह्या आठवड्यात काय आहे ते सगळं वेदर.

अजून एक, वेदर मोजता येत नाही, म्हणजे त्याच्या आधी "अ" लागत नाही. "व्हॉट अ नाईस वेदर!" चुकीचं, "व्हॉट नाईस वेदर!" बरोबर. "अ" तोंडातून जातच असेल तर सरळ "व्हॉट अ नाईस डे!" म्हणा, दिवस मोजता येतो.

उच्चाराचं पटकन सांगते. सुरुवातीचा "वे" म्हणताना ओठ गोल करायचे, खालचा ओठ वरच्या दातांना लावायचा नाही, कारण दात लागले की इंग्रजी कानाला तो वेगळाच आवाज ऐकू येतो. मधला "द" म्हणताना जिभेचं टोक दातांच्या मध्ये अलगद आलं तर उत्तम, पण आपला साधा द सुद्धा सगळ्यांना कळतो, त्यासाठी अडून राहू नका.

मुख्य प्रश्न दोनच आहेत

"व्हॉट्स द वेदर लाईक?" आणि "हाऊज द वेदर?" बस. दोन्हीचा अर्थ एकच, दोन्ही रोजच्या वापरातले. घोळ होतो तो दोन्ही एकत्र केल्यामुळे, "हाऊ इज द वेदर लाईक?" हे चुकीचं आहे. लक्षात ठेवायला सोपं, "व्हॉट" असेल तर शेवटी "लाईक" हवंच, "हाऊ" असेल तर "लाईक" नकोच. मी स्वतः बरेच महिने चुकीचंच म्हणत होते, कोणी टोकलं नाही कारण अर्थ कळत होता, मग एकदा एका मैत्रिणीने शांतपणे सांगितलं आणि तेव्हापासून दोन्ही वाक्यं मी वेगवेगळी मोठ्याने म्हणून घोटली.

ह्यातला "लाईक" म्हणजे आवडणं नाही, हे इथे नीट समजून घ्या. हा "सारखं" वाला लाईक आहे, म्हणजे शब्दशः "हवामान कशासारखं आहे?" असा तो प्रश्न. हे डोक्यात बसलं नाही की माणूस "व्हॉट डझ द वेदर लाईक?" असं काहीतरी करून बसतो, म्हणजे हवामानाला काय आवडतं! "डझ" चं इथे काही काम नाही, "इज" च हवं.

आता ह्याच प्रश्नाला शेपूट जोडायचं. कुठे? "व्हॉट्स द वेदर लाईक देअर?", तिकडे कसंय. "व्हॉट्स द वेदर लाईक व्हेअर यू आर?", तू आहेस तिथे कसंय, फोनवर हे फार छान वाटतं. केव्हा? "व्हॉट्स द वेदर लाईक इन डिसेंबर?" आणि हा विचारताना एक भान ठेवा, ऑस्ट्रेलियासारख्या दक्षिण गोलार्धातल्या देशात डिसेंबर ते फेब्रुवारी उन्हाळा असतो, त्यामुळे महिन्यावरून ऋतू गृहीत धरून "इट मस्ट बी कोल्ड" म्हणू नका, आधी विचारा. आणि घरातून बाहेर पडताना तर वेदर शब्दही लागत नाही, "व्हॉट्स इट लाईक आउटसाइड?" म्हटलं की झालं.

"इट" ची रिकामी खुर्ची

आता सगळ्यात महत्त्वाचं, इथे जरा थांबून वाचा, कारण बाकी सगळं विसरलात आणि एवढंच राहिलं तरी तुमचं निम्मं काम झालं.

मराठीत आपण म्हणतो "पाऊस पडतोय". कर्ता कोण? पाऊस. म्हणून इंग्रजीत आपण "रेन इज फॉलिंग", "रेन इज कमिंग", "टुडे रेन इज देअर" असं करतो. इंग्रजी बोलणारा माणूस म्हणतो "इट्स रेनिंग". आता हा "इट" कोण? कोणीच नाही. वाक्यात कर्त्याची खुर्ची असलीच पाहिजे असा इंग्रजीचा हट्ट आहे, आणि बसायला कोणी नसेल तर "इट" ला बसवून ठेवतात.

हे परकं वाटतं ना? पण मराठीत हे आहे. "उकडतंय" म्हणा बघू. कोण उकडतंय? "उजाडलं", कोण उजाडलं? "गडगडतंय", "सांजावलं", "अंधारून आलंय", ह्या एकाही वाक्यात कर्ता नाही, शाळेत आपण ह्याला भावे प्रयोग म्हणून शिकलो होतो, त्यातला कर्ता नसलेला प्रकार. आपण ती खुर्ची रिकामी ठेवतो, इंग्रजी तिथे "इट" ठेवतं, एवढाच फरक. म्हणून मी शिकवताना सांगते, हवामानाचं वाक्य बनवताना "पाऊस पडतोय" वरून जाऊ नका, "उकडतंय" वरून जा. उकडतंय, इट्स ह्यूमिड. उजाडलंय, इट्स लाइट आउटसाइड. अंधारून आलंय, इट्स गेटिंग डार्क. आणि त्याच चालीत, इट्स रेनिंग, इट्स कोल्ड, इट्स विंडी. "टुडे इज हॉट" ऐवजी "इट्स हॉट टुडे". प्रश्न करायचा तर फक्त जागा बदला, "इज इट रेनिंग?" "इज इट कोल्ड?" "इज इट विंडी?"

आता रेनिंग आणि विंडी ह्या दोन वेगळ्या शेपट्या का, हा प्रश्न पडायलाच हवा. पाऊस, बर्फ, गारा, रिमझिम ह्यांना इंग्रजीत क्रियापद आहे म्हणून रेनिंग, स्नोइंग, हेलिंग, ड्रिझलिंग चालतं. वारा, ऊन, ढग, धुकं ह्यांना ह्या अर्थाचं क्रियापद नाही म्हणून तिथे विशेषण, विंडी, सनी, क्लाउडी, फॉगी. "इट्स विंडिंग" होत नाही, "इट्स सनिंग" होत नाही. आणि "रेनी" सुद्धा आहे बरं का, पण "इट्स रेनिंग" म्हणजे ह्या क्षणी पडतोय आणि "इट्स रेनी" म्हणजे दिवसच पावसाळी आहे, आत्ता थेंब पडत असेल नसेल.

केव्हाचं विचारताय ते ठरवा

आत्ताचं असेल तर "इज इट रेनिंग?" अजून पडतोय का, "इज इट स्टिल रेनिंग?" थांबला का, "हॅज इट स्टॉप्ड रेनिंग?" हा शेवटचा फार कामाचा आहे आणि नवशिक्यांना येत नाही, पाठच करून टाका. काल पडला का, "डिड इट रेन येस्टरडे?" उद्या पडेल का, "विल इट रेन टुमॉरो?" किंवा "इज इट गोइंग टू रेन टुमॉरो?", दोन्ही चालतात, फक्त समोर काळे ढग दिसतायत आणि तुम्ही आता पडणार म्हणताय तेव्हा "इट्स गोइंग टू रेन" जास्त नैसर्गिक.

आणि नेहमीचं, म्हणजे सवयीचं विचारायचं असेल तर "डझ इट रेन अ लॉट देअर?" तिकडे खूप पाऊस असतो का. "डझ इट स्नो इन विंटर?" "हाऊ कोल्ड डझ इट गेट?", थंडी किती पडते. नवीन ठिकाणी राहायला जाणाऱ्याने हे तीन प्रश्न विचारलेच पाहिजेत, कपडे काय न्यायचे ते ह्यावरच ठरतं. इथली चूक म्हणजे "इज" आणि "डझ" ची भेसळ, "इज इट रेन?" आणि "डझ इट रेनिंग?" दोन्ही चुकीचं. "इज" असेल तर शेवटी "इंग", "डझ" असेल तर नुसतं "रेन".

थोडं नम्रपणे विचारायचं असेल, अनोळखी माणसाला वगैरे, तर "डू यू नो" किंवा "कॅन यू टेल मी" लावतात, पण मग आतला प्रश्न सरळ वाक्यासारखा होतो. "डू यू नो व्हॉट विल द वेदर बी लाईक?" नाही, तर "डू यू नो व्हॉट द वेदर विल बी लाईक टुमॉरो?" हो-नाही उत्तराचा प्रश्न असेल तर मध्ये "इफ" येतो, "कॅन यू टेल मी इफ इट्स गोइंग टू रेन?"

तापमान विचारताना

"हाऊ मच इज द टेम्परेचर?" नाही, "व्हॉट्स द टेम्परेचर?" किंवा त्याहून बोलीतलं "हाऊ हॉट इज इट?" उत्तर येतं "इट्स थर्टी डिग्रीज". कधीकधी नेमका आकडा न सांगता "इट्स इन द लो ट्वेंटीज" म्हणतात, म्हणजे वीस-बावीसच्या आसपास, आणि "मिड थर्टीज" म्हणजे पस्तीसच्या आसपास. शून्याखाली असेल तर "मायनस फाइव्ह".

अमेरिकेतल्या माणसाशी बोलताना मात्र सावध राहा, तिथे रोजच्या बोलण्यात फॅरनहाइट चालतं. तिथला कोणी "इट्स फिफ्टी टुडे" म्हणाला तर घाबरू नका, ते आपले १० सेल्सिअस. पाणी गोठतं ३२ ला, ६८ म्हणजे आपले २०, ८६ म्हणजे ३०, आणि १०४ म्हणजे ४०, एवढे चार खुंटे लक्षात ठेवले की मधलं सगळं अंदाजाने कळतं. चटकन हिशोब करायचा तर आकड्यातून ३० वजा करा आणि अर्धं करा, ५० ला तो अगदी बरोबर येतो, उन्हाळ्याच्या आकड्यांना दोन-तीन डिग्री कमी दाखवतो. नेमकं हवं असेल तर ३२ वजा करून ५ ने गुणायचं आणि ९ ने भागायचं. शंका आली तर विचारून टाका, "इज दॅट सेल्सिअस ऑर फॅरनहाइट?", ह्यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि स्वतःबद्दल बोलताना, थंडी वाजतेय म्हणजे "आय ॲम कोल्ड", सर्दी झालीय म्हणजे "आय हॅव अ कोल्ड". मध्ये एक छोटा "हॅव" आणि अर्थ पार बदलला. उलट गरम होतंय हे सांगताना नुसतं "आय ॲम हॉट" म्हटलं तर "मी आकर्षक आहे" असाही अर्थ निघतो, म्हणून नवशिक्यांनी "आय ॲम फीलिंग हॉट" किंवा "इट्स सो हॉट इन हिअर" म्हणावं, तेच सुरक्षित.

अंदाज विचारणं

"व्हॉट्स द फोरकास्ट फॉर टुमॉरो?" ह्यात "फोरकास्ट" हाच शब्द वापरा, "प्रेडिक्शन" नको. ह्या शब्दामागची गोष्ट मला फार आवडते. ब्रिटिश नौदलातले अधिकारी रॉबर्ट फिट्झरॉय ह्यांनी तो हवामानासाठी रूढ केला, आणि लोकांसाठी छापलेला त्यांचा पहिला अंदाज १ ऑगस्ट १८६१ ला लंडनच्या द टाइम्स मध्ये आला. हे भाकीत नाही, मोजमापं आणि हिशोबावरून काढलेलं मत आहे, असं त्यांना ठासून सांगायचं होतं, म्हणून वेगळा शब्द. आणि खरंच, आजही इंग्रजीत अंदाज सांगताना कोणी छातीठोक बोलत नाही, "इट्स सपोज्ड टू रेन टुमॉरो" म्हणतात, म्हणजे उद्या पाऊस आहे म्हणे. हे "सपोज्ड टू" तुम्ही प्रश्नातही घालू शकता, "इज इट सपोज्ड टू रेन टुडे?", आणि खरं सांगते, तुमचं इंग्रजी एकदम बोलकं वाटायला लागतं.

"व्हॉट आर द चान्सेस ऑफ रेन?" विचारलंत आणि "फॉर्टी पर्सेंट" उत्तर आलं तर त्याचा अर्थ दिवसातला चाळीस टक्के वेळ पाऊस असा नाही. तुम्ही आहात त्या जागी, त्या वेळात, मोजता येईल एवढा पाऊस पडायची शक्यता शंभरात चाळीस, असा आहे.

पण बऱ्याचदा आपल्याला फोरकास्ट नको असतो, छत्री घेऊ का एवढंच हवं असतं. मग तेच विचारा ना! "शुड आय टेक ॲन अम्ब्रेला?" "डू आय नीड अ जॅकेट?" "इज इट वॉर्म इनफ टू वॉक?" माझ्या मते नवशिक्यांसाठी हेच सगळ्यात उपयोगी प्रश्न आहेत.

उत्तर कळायला हवं

प्रश्न विचारला आणि उत्तर डोक्यावरून गेलं तर काय उपयोग, म्हणून थोडे शब्द कानाला ओळखीचे करून ठेवा. रिमझिम, भुरभुर म्हणजे "ड्रिझल". एक सर येऊन गेली तर "शॉवर". मुसळधार म्हणजे "इट्स पोअरिंग". संततधार असेल तर "इट्स बीन रेनिंग नॉनस्टॉप". शाळेत शिकवलेलं "रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज" ओळखीचं असू द्या पण बोलण्यात आणू नका, ते आता फारसं कोणी म्हणत नाही, "पोअरिंग" पुरतं.

ढगांनी आभाळ पूर्ण भरलंय तर "ओव्हरकास्ट", थोडे ढग थोडं ऊन तर "पार्टली क्लाउडी". धुक्याला दोन शब्द, दाट ते "फॉग", विरळ ते "मिस्ट", हवामानशास्त्रात १ किलोमीटरच्या आतलंच दिसत असेल तर फॉग धरतात. बाहेर घामाने चिकचिक होतंय तर "मगी" किंवा "स्टिकी", बंद खोलीत कोंदट झालंय तर "स्टफी". हलका गारवा "कूल", बोचरा गारवा "चिली", कडाक्याची थंडी "फ्रीझिंग", आणि ना गरम ना थंड असं बरं हवामान "माइल्ड". "फ्रीझिंग" म्हणाले म्हणजे खरंच शून्य डिग्री आहे असं नाही, आपण "गोठलो रे" म्हणतो तसंच ते.

ऊन ह्या आपल्या शब्दाला इंग्रजीत एक जोडीदार नाही हे मात्र मान्य करावं लागेल. ऊन पडलंय म्हणजे "इट्स सनी", ऊन कडक आहे म्हणजे "द सन इज रिअली स्ट्राँग", उन्हात बसू नको म्हणजे "डोन्ट सिट इन द सन". प्रत्येक वेळी आधी मराठीत अर्थ बघा, मग शब्द निवडा.

पाऊस जोराचा असेल तर "हेवी रेन", "बिग रेन" नाही. वारा जोराचा असेल तर "स्ट्राँग विंड", "हेवी विंड" नाही. ह्याला नियम नाही, जोड्या जशा आहेत तशाच घ्यायच्या.

उत्तर नको असलेला प्रश्न

एक प्रकार उरला. कोणी तुमच्याकडे बघून म्हणतं, "नाईस डे, इजन्ट इट?" किंवा "कोल्ड टुडे, इजन्ट इट?" हा प्रश्न दिसतो पण ती माहिती विचारणं नाही, ती ओळख काढणं आहे, विशेषतः ब्रिटनमध्ये. इथे तापमानाचा आकडा सांगायचा नाही, आणि "नो, आय डोन्ट थिंक सो" म्हणून वाद तर अजिबात घालायचा नाही. "येस, इट्स लव्हली" किंवा "इट रिअली इज" एवढं हसून म्हणायचं. तुम्हाला सुरुवात करायची असेल तर तुम्हीही हेच करा, आधी एक छोटं विधान आणि मागे "इजन्ट इट?" लावा, "लव्हली वेदर, इजन्ट इट?" बोलताना शेवटी आवाज खाली आणायचा, वर नेला तर तो खराखुरा प्रश्न होतो.

ऑनलाइन मीटिंग सुरू व्हायच्या आधी सगळे गप्प बसलेले असतात तेव्हाही हे कामाला येतं. कोणी विचारलं "हाऊज द वेदर ओव्हर देअर?" की नुसतं "गुड" म्हणून थांबू नका, तिथेच गप्पा तुटतात. दोन वाक्यं सांगा आणि चेंडू परत टाका, "इट्स बीन रेनिंग ऑल वीक, बट इट्स फायनली सनी टुडे. व्हॉट्स इट लाईक व्हेअर यू आर?" समोरचा नक्की काहीतरी सांगेल, त्यातला एखादा शब्द नवीन असेल, तर लगेच विचारा, "सॉरी, व्हॉट डझ मगी मीन?" आणि तो शब्द त्याच दिवशी एकदा तरी वापरून टाका.